दुबार पेरणी : खचलेल्या दिवसांत ख्रिस्ती आशा कशी धरायची

मृगाचा पाऊस येतो, शेतकरी सरकी टोबतो आणि पुढचे पंधरा दिवस आभाळ कोरडं जातं. उगवलेलं करपतं. मग उसनवारी करून पुन्हा बियाणं आणायचं, त्याच वावरात पुन्हा वाकायचं. नागपूरच्या आसपास दुबार पेरणी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. ती करणारा माणूस खुशीत नसतो, पाऊस येईलच अशी हमी त्याला कुणी दिलेली नसते, तरी तो वावरात जातो. बायबलमधलं 126वं स्तोत्र अवघ्या सहा वचनांचं आहे आणि त्यात रडत रडत बी घेऊन निघालेला असाच एक माणूस आहे. ख्रिस्ती लोक जिला आशा म्हणतात ती या जातीची. 'सगळं चांगलं होईल' असं वाटणं म्हणजे आशा, असं धरून चाललात तर पहिल्याच आठवड्यात निराश व्हाल, कारण तसं वाटणारच नाही.

नव्याने विश्वासात आलेले, लहानपणी संडे स्कूलला जाऊन मग वर्षानुवर्षं तिकडे न फिरकलेले, किंवा कुणा मैत्रिणीच्या आग्रहाने चर्चच्या मागच्या बाकावर येऊन बसलेले, अशा सगळ्यांसाठी हे लिहिलं आहे. लागणारं सामान थोडं: मराठी बायबल, एक शंभर पानी वही, पेन आणि रोजची पंधरा मिनिटं. बायबल मोबाइलवर फुकट मिळतं, पण सुरुवातीला छापील प्रत बरी. मोबाइल उघडला की पंधरा मिनिटं कुठे जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्या भाषांतराची मराठी जड गेली तर सोप्या भाषेतलं घ्या, त्यात काही कमीपणा नाही. पुस्तक साधारण मधोमध उघडलं की स्तोत्रसंहिता सापडते. बराचसा मुक्काम तिथेच आहे.

आधी भाकर, मग झोप

पहिल्या दिवशी प्रार्थनेपासून सुरुवात करू नका. 1 राजे या पुस्तकाचा 19वा अध्याय वाचा. एलीया संदेष्टा नुकताच कर्मेल डोंगरावर जिंकला आहे, आणि ईजबेल राणीच्या एका धमकीने तो रानात पळून एका झुडपाखाली बसतो व मरण मागतो. देवदूत येतो. उपदेश करत नाही, विश्वास कमी पडला म्हणून झापत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवतो. एलीया खातो, पितो आणि परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला लावतो, कारण पुढची वाट लांबची आहे. 'तू इथे काय करतोस?' हा देवाचा प्रश्न चाळीस दिवसांनंतरचा, होरेब डोंगरावरचा.

तेव्हा पहिले तीन दिवस एवढंच करायचं: दोन वेळचं जेवण वेळेवर, रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि रात्री दहानंतर नोकरी, लग्न, कर्ज किंवा भांडण यांपैकी कशाचाही निर्णय नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना आणि कूलरचा पंप बंद पडलेला असताना दुपारी तीन वाजता जे विचार येतात, त्यांना श्रद्धेची परीक्षा समजू नये. संध्याकाळी अंघोळ झाल्यावर त्यांतले निम्मे उरत नाहीत.

इथे नवखे लोक हमखास एक चूक करतात. मन खचलं की लगेच उपास धरतात. उपासाला ख्रिस्ती जीवनात जागा आहे, पण आधीच जेवण सुटलेल्या माणसासाठी तो नाही. शुगर किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही.

आणखी एक रेघ आताच आखून घ्या. दोन आठवडे झोप आणि भूक दोन्ही गेलेली, कशातच मन लागत नाही, असं असेल तर ते प्रार्थनेबरोबरच डॉक्टरकडे न्यायचं दुखणं आहे. नागपुरात मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी आहे, मानकापूरजवळ प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. जीव द्यावा असा विचार येत असेल तर त्याच घटकेला 14416 लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. घरातलं कुणी असं बोललं तर त्याला एकटं सोडू नका आणि फवारणीचं औषध घरातून हलवा. 'गोळ्या बंद करा, नुसती प्रार्थना पुरे' असं सांगणारा कितीही मोठा सेवक असला तरी त्याचं ऐकू नका. बायबलमधलं एक शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

तक्रार नीट मांडा

चौथ्या दिवशी वही उघडा. सकाळी, नळ येण्याआधीची वेळ बरी. घर जागं झालं की पंधरा मिनिटं मिळत नाहीत. पानावर तारीख घाला आणि एकच वाक्य लिहा: काय मोडलं? 'माझं नशीबच खराब' हे चालणार नाही. 'तिसऱ्यांदा मुख्य परीक्षेत नापास झालो', 'आईची किमो लागू पडत नाही', 'दोन महिने पगार नाही', असं नेमकं. लूकच्या 24व्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य चालले आहेत. येशू गेला, सगळं संपलं, अशा मनःस्थितीत. अनोळखी सोबती विचारतो तेव्हा ते तोंड पाडून सांगतात की, आम्ही आशा धरली होती. भूतकाळ. तो सोबती म्हणजे स्वतः येशू असतो, पण तो त्यांचं सगळं आधी ऐकून घेतो, मग बोलतो. तुमची आशा कुठे भूतकाळात गेली, ते वाक्य शोधायचं आहे.

आता स्तोत्र 13 काढा. सहाच वचनं, पण दोन-दोनाचे तीन भाग आहेत आणि ते ओळखता आले तर पुढचं काम सोपं होतं. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर?' हा प्रश्न चार वेळा येतो: देवा, किती दिवस विसरशील, किती दिवस तोंड लपवशील, किती दिवस मी मनातल्या मनात झुरू, किती दिवस वैरी माझ्यावर शिरजोर? ही तक्रार. तिसऱ्या-चौथ्या वचनात मागणी: बघ, उत्तर दे, डोळ्यांत उजेड घाल, आणि का द्यावंस याचं कारणही. पाचव्या-सहाव्यात वळण: तरी मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे, मी गाईन. वळणाच्या शब्दाकडे लक्ष द्या, 'तरी'. परिस्थिती पालटली असं त्या स्तोत्रात कुठेही म्हटलेलं नाही.

याच साच्यात स्वतःचं लिहा. सहा ओळी, जास्त नकोत. कंत्राट संपून घरी बसलेल्या माणसाचं पान साधारण असं होईल:

देवा, अजून किती महिने? पोरांच्या फीची तारीख तुला माहीत नाही का?
सासरच्या लोकांसमोर किती दिवस मान खाली घालू? काहून गप्प आहेस?
या आठवड्यात निदान एका ठिकाणाहून बोलावणं येऊ दे.
नाही आलं तर मी घरच्यांवर ओरडायला लागतो, मला तसा होऊ देऊ नको.
तरी तू आजवर माझ्या घरात चूल विझू दिली नाहीस.
आज मला गाता येत नाही. उद्या बघू.

शेवटची ओळ चालते. खोटं गाण्यापेक्षा ती बरी.

भाषेचं एक सांगायला हवं. अनेकांची प्रार्थनेची भाषा वेगळीच असते, 'हे परमपवित्र स्वर्गीय पित्या' म्हटलं की पुढचं सगळं सोवळ्यात. मग पगाराचं, सासूचं, दारूचं त्या भाषेत बसत नाही आणि राहून जातं. घरात 'काहून' म्हणत असाल तर देवासमोरही 'काहून'च म्हणा. देवाशी भांडणं मराठी माणसाला नवं नाही. तुकोबा विठोबाशी कसे भांडले ते आपल्याला तोंडपाठ आहे, आणि ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचं सांगत. 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. एवढी तक्रार ज्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली गेली, तिथे तुमच्या सहा ओळींनी कुणाचा अपमान होत नाही.

हे करताना काय बिघडतं? बहुतेक जण पहिल्या दिवशी थेट पाचव्या वचनावर उडी मारतात. स्तुती आधी, तक्रार नंतर, किंवा तक्रार नाहीच. चार-पाच दिवस छान जातात, मग प्रार्थना कोरडी पडते, कारण खरी गोष्ट बोलली गेलेलीच नसते. उलट काही जण महिनाभर पहिल्या दोन वचनांतच फिरत राहतात. त्यांना मागणी लिहिता येत नाही, कारण मागितलं आणि मिळालं नाही तर काय, ही धास्ती. त्यांनी मागणी लहान करावी. 'कर्ज फिटू दे' न लिहिता 'उद्या बँकेत साहेबांशी बोलताना माझा आवाज कापू नये' असं लिहावं. तिसरी चूक म्हणजे वळण आलंच पाहिजे हा हट्ट. 88वं स्तोत्र उघडून शेवट बघा: ते अंधारातच संपतं. 'तरी' येत नाही. काही दिवस तसेच असतात आणि त्या दिवसांचंही स्तोत्र बायबलमध्ये आहे. फक्त एवढं लक्षात घ्या की तो अंधारातला माणूसही बोलतोय देवाशीच.

काय वाचावं, कोणत्या क्रमाने

एका बैठकीत एकच उतारा, दोनदा, दुसऱ्या वेळी मोठ्याने. 13व्या स्तोत्रावर तीन दिवस थांबा. मग 42 आणि 43 एकत्र वाचा. ही दोन मिळून एकच गीत असावं, कारण 'माझ्या जिवा, तू खिन्न का झालास?' हे ध्रुपद तीनदा येतं. इथे माणूस स्वतःच्या जिवाला समोर बसवून विचारतो आहे. हे शिकण्यासारखं आहे: मनात जे येतं ते ऐकत बसायचं नाही, त्याला उलट प्रश्न करायचा. मग 130, आठ वचनांचं. पहाटेची वाट पाहणारा पहारेकरी त्यात आहे. पहारेकऱ्याला पहाट घाईने आणता येत नाही, पण ती येणार यावरून तो भांडतही नाही.

दुसऱ्या आठवड्यात विलापगीत घ्या. यरुशलेम पडल्यावरचा, इसवी सनापूर्वी 586 नंतरचा आक्रोश. पाच अध्याय, तिसरा सोडून प्रत्येकात 22 वचनं, तिसऱ्यात 66. रोज सकाळी नवी होणारी देवाची दया हे जे वचन कॅलेंडरवर छापलेलं असतं, ते इथलं, तिसऱ्या अध्यायातलं. पुस्तकाच्या बरोबर मधल्या अध्यायात ते येतं, आणि त्यानंतर परत रडणं सुरू होतं. आशेचं वचन शेवटी ठेवलेलं नाही, राखेच्या मधोमध ठेवलं आहे. म्हणून हे पुस्तक तुकड्यांत न वाचता पाचही अध्याय सलग वाचावं, अर्धा-पाऊण तास लागतो.

कॅलेंडरवरून आठवलं. यिर्मया 29:11 हे वचन, देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताचे विचार आहेत हे, दुकानाच्या भिंतीपासून रिक्षाच्या काचेपर्यंत सगळीकडे दिसतं. त्याच्या आधीचं दहावं वचन कुणी छापत नाही: 70 वर्षं. बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने लिहिलेलं हे पत्र आहे, आणि त्यांच्यातले बरेच जण परतीची वाट पाहत तिथेच मरणार होते. पत्रात आधी सांगितलं आहे की घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा, ज्या शहरात नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हे सगळं वाचल्यावर 11वं वचन लहान होत नाही, वजनदार होतं. पुढच्या महिन्यातल्या इंटरव्ह्यूची हमी म्हणून मात्र ते वापरता येत नाही.

शेत विकत घ्या

आता धैर्याचा भाग. यिर्मयाचा 32वा अध्याय. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला आहे, यिर्मया पहाऱ्याच्या चौकात कैद आहे, आणि तशात चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत घे. म्हणजे शत्रूच्या ताब्यात जाणाऱ्या मुलखातली जमीन. यिर्मया 17 शेकेल चांदी तोलून देतो, आजच्या मापाने सुमारे 200 ग्रॅम. साक्षीदार बोलावतो, खरेदीखताच्या दोन प्रती, एक मोहोरबंद, एक उघडी, आपला लेखनिक बारूख याच्याकडून मातीच्या मडक्यात ठेवून घेतो, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. रजिस्ट्री ऑफिसात जोडे झिजवलेल्या माणसाला हा अध्याय वेगळाच कळतो. आणि गंमत म्हणजे व्यवहार उरकल्यावर, आधी नव्हे, यिर्मया देवाला म्हणतो की शहर तर चाललंय शत्रूच्या हाती आणि तू मला शेत घ्यायला लावलंस! शंका गेली म्हणून त्याने शेत घेतलं नाही. शेत घेतलं, आणि शंका सोबत होतीच.

तुमचं शेत कोणतं? चार कसोट्या लावा. सात दिवसांत होण्याजोगं असावं. त्याला थोडी किंमत पडावी, पैशाची नाहीतर मानाची. फळ लगेच दिसू नये. आणि कागदावर किंवा माणसासमोर त्याची नोंद व्हावी. बोलणं बंद असलेल्या भावाला फोन. पाचशे रुपयांचं आवर्ती खातं. सुटलेल्या परीक्षेचा पुन्हा एकदा अर्ज, किंवा तो नाद सोडून आयटीआयची चौकशी. दोन्ही शेतंच आहेत. दर आठवड्याला एकच घ्या. उत्साहात एकाच सोमवारी पाच संकल्प करणारे गुरुवारपर्यंत पाचही सोडून देतात, मग त्याचंच ओझं होतं.

नागपुरात याचं एक उदाहरण रोज डोळ्यांसमोर आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 साली इथे आला, शाळा काढली, आणि 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडाला. त्याच्या नावाचं कॉलेज 1883 मध्ये सुरू झालं, वीस वर्षांनी. त्याने पेरलं ते शाळेपुरतं; पुढचं त्याने पाहिलं नाही.

कुणाला सांगायचं

एकट्याने ही वही तीन आठवड्यांपलीकडे चालत नाही. माणूस लागतो. गर्दी नको, दोन जण पुरे: एक ज्याला वहीतलं सगळं दाखवता येईल, आणि एक पाळक किंवा फादर.

चर्च नसेल तर शोधायला नागपुरात फार फिरावं लागत नाही. सदरमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं ऑल सेंट्स कॅथेड्रल आहे, तिथेच कॅथलिकांचं सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल. मेकोसाबागेत मेथडिस्ट मंडळी आहे. आधी फोन करून मराठी उपासना किंवा मिस्सा किती वाजता ते विचारा, कारण एकाच इमारतीत इंग्रजी, हिंदी, मराठीच्या वेळा वेगळ्या असू शकतात. पहिल्या रविवारी कुणाशी बोलायची सक्ती नाही. चार रविवार सलग जा आणि मग ठरवा. एका रविवारवरून कोणतीही मंडळी कळत नाही. उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठून 'प्रार्थना करा' एवढंच म्हणालात तर तेही 'करतो' म्हणून पुढच्या माणसाकडे वळतील, दारात तीस जण उभे असतात. 'पाळकसाहेब, अर्धा तास हवा आहे, कोणत्या दिवशी येऊ?' असं विचारा. कॅथलिक असाल तर फादरांकडे पापनिवेदनाची वेळ वेगळी आणि सल्ल्याची वेगळी, हे सांगून मागा.

वही दाखवायला माणूस निवडताना बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आठवा. ते आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तिथवर उत्तम. तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं: तू काहीतरी पाप केलं असशील. असा मित्र भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा, वही दाखवू नका. 'आधी अमुक रकमेचं बीज पेरा, शंभरपट मिळेल' असं सांगणाऱ्यापासून तर पाकीट सांभाळा. दुबार पेरणीचं बियाणं त्याच्या पेटीत टाकायचं नसतं.

आणि दुसरा कुणी तुमच्याकडे असाच आला तर? ईयोबाच्या मित्रांचे ते पहिले सात दिवस आठवा. वचन सांगायची घाई करू नका, डबा घेऊन जा.

मधला शनिवार

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, चर्च भरतं, ईस्टरला त्याहून जास्त. मधल्या शनिवारी काही घडत नाही. येशूची कबर बंद, शिष्य दारं लावून बसलेले. खचलेल्या माणसाचे बहुतेक दिवस हे त्या शनिवारचे असतात आणि नवख्यांना वाटतं की आपलं काहीतरी चुकतंय. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हे होतंच: वाचलेलं लागत नाही, लिहायला काही सुचत नाही, जांभया येतात. अशा वेळी पंधराची पाच मिनिटं करा, पण जागा आणि वेळ बदलू नका. स्वतःचे शब्द नसतील तर 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा आणि उठा. मार्कच्या 9व्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला जे म्हणतो त्याचा मतलब एवढाच: माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर. एका श्वासात दोन्ही. त्याला परत पाठवलं नाही, पोरगा बरा झाला. दिवस चुकला तर भरपाई करू नका. चुकलेल्या पानावर नुसती तारीख घालून पुढे जा.

दर शनिवारी संध्याकाळी मात्र मागची सात पानं वाचायची. समासात खूण करा: जे मिळालं त्यासमोर तारीख, जे मिळालं नाही त्यासमोर काहीच नाही, आणि ज्याची मागणीच बदलली त्यासमोर बाण. रोमकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात प्रेषित पौल क्रम देतो: संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेलं शील, त्यातून आशा. तेव्हा 'आशा वाटते का?' हे तपासत बसण्यापेक्षा, गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात घरच्यांवर कमी ओरडलो का, ठरवलेलं शेत घेतलं का, ते बघावं. बाणांची संख्या वाढत गेली तर पाळकसाहेबांना दाखवा, त्यावर बोलण्यासारखं पुष्कळ असतं.

वही भरली तर रद्दीत देऊ नका. नव्या वहीच्या पहिल्या पानावर जुनीतल्या न सुटलेल्या तक्रारी त्यांच्या तारखांसकट उतरवून घ्या, खाली दोन बोटं जागा सोडा, आणि दुसऱ्या दिवशी नळ येण्याआधी पुन्हा 13व्या स्तोत्राच्या पहिल्या वचनापासून सुरू करा.